पहिल्या पानावरचे नाव : रहस्यकथामाला आणि तिचा दुमताचा वाचक

राधानगरीच्या बाजूला पाऊस एकदा लागला की घराबाहेर पडण्याचे प्रयोजन उरत नाही आणि वाचनालयातील पुस्तकांना मागणी येते. १९९०च्या दशकात, आमच्या शाळकरी वयात, या मागणीत पहिला मान रहस्यकथांचा असे. दमट हवेने फुगलेली, पाठीला खळीने कागद चिकटवलेली ती लहानखुरी पुस्तके हातोहात फिरत. पुष्कळदा पहिल्याच पानावर कुणा उपद्व्यापी वाचकाने पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले असे, आणि त्याखाली दुसऱ्या कुणी त्याचा यथेच्छ उद्धार केलेला असे. शेवटच्या पानावर मात्र निराळाच संवाद चाललेला दिसे. एकाने पुस्तक उत्तम म्हणावे, दुसऱ्याने शेवट ओढूनताणून आणल्याची तक्रार करावी, तिसऱ्याने याच मालेतील आधीचे पुस्तक यापेक्षा बरे होते असा निवाडा द्यावा. आम्ही दोघेही पुढे मराठीचे अध्यापक झालो, समीक्षेची पुस्तके वाचली, शिकवलीही. परंतु एकाच पुस्तकाविषयी इतकी मतभिन्नता, तीही इतक्या कमी शब्दांत, पुन्हा क्वचितच पाहावयास मिळाली.

त्या पेन्सिलीच्या ओळी म्हणजे मराठी रहस्यकथेची खरी समीक्षा होय आणि तिची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासाने ठेवली नाही, असे आमचे म्हणणे आहे. ते येथे थोडक्यात मांडतो.

प्रथम या वाङ्मयाचा विस्तार लक्षात घ्यावा. झुंजार, काळापहाड, धनंजय या नायकांचे जनक बाबूराव अर्नाळकर यांच्या नावावर १९३६ ते १९८४ या काळात १,०९२ छोट्या रहस्यकथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्याची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथात झाली होती. गुरुनाथ नाईक यांची पुस्तकेही हजाराच्या वर गेली. कॅप्टन दीप, मेजर अविनाश भोसले हे त्यांचे नायक. पुढच्या पिढीत सुहास शिरवळकरांनी मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद, बॅरिस्टर अमर विश्वास अशा निरनिराळ्या माला एकाच वेळी चालवल्या. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर ही पुस्तके टांगलेली असत. कोल्हापूरला गाडीत बसताना उघडलेले पुस्तक राधानगरी येईतो संपत असे. एवढा वाचक लाभलेले दुसरे गद्य मराठीत फारसे नसेल.

मग समीक्षेचे दुर्लक्ष का झाले? त्याची मुळे जुनी आहेत. वि. का. राजवाड्यांनी १९०२ साली लिहिलेल्या 'कादंबरी' या निबंधापासून अद्भुताकडे संशयाने आणि वास्तवाकडे आदराने पाहण्याची सवय आपल्या अभिरुचीला लागली. पुढे भालचंद्र नेमाडे यांनी 'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मोचनगड' (१८७१) या तीन कादंबऱ्यांपासून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती दाखवल्या. ती मांडणी आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. तीत रहस्यकथा आपोआपच मुक्तामालेच्या, म्हणजे रंजनाच्या ओळीत जाऊन बसते. 'रंजनपर' असा शिक्का एकदा उमटला की पुस्तक उघडण्याची गरज उरत नाही, ही आम्हां अध्यापकांची सोयीस्कर समजूत. रंजन कशाने होते, कुणाचे होते आणि कुणाचे होत नाही, हे प्रश्न मग विचारलेच जात नाहीत.

वाचक मात्र ते विचारीत होता. आमच्या आठवणीतल्या मतांचे ढोबळमानाने तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग नायकाच्या भक्तांचा. झुंजार, त्याची पत्नी विजया आणि त्याचा साथीदार नेताजी यांची भेट होणे हेच त्यांना पुरेसे असे. कथानक दुय्यम. दुसरा वर्ग कोड्याच्या रसिकांचा. सर्व दुवे वाचकासमोर मांडले होते की लेखकाने ऐनवेळी खिशातून पुरावा काढला, याचा हिशेब ते ठेवीत. अमुक कथा इंग्रजीवरून बेतलेली आहे, असे सांगणारे बहुश्रुतही यांच्यातच असत. तिसरा वर्ग संख्येने लहान, परंतु आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. खून कुणी केला हे कळल्यावरही त्याचे समाधान होत नसे. त्या माणसाने तो का केला, असे तो विचारी. मालमत्ता, सूड, मत्सर ही ठरावीक उत्तरे त्याला पुरत नसत.

हा तिसरा वाचक केवळ पुस्तकांनी घडवला नव्हता. १९७६-७७ मध्ये पुण्यात घडलेल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने महाराष्ट्र हादरला, तो मृतांच्या संख्येमुळे आणि मारेकरी कोण निघाले यामुळेही. ते कला महाविद्यालयात शिकणारे तरुण होते. १९८३ साली त्यांना फाशी झाली. त्यांच्यापैकी मुनव्वर शाह याने तुरुंगात लिहिलेले 'येस, आय ॲम गिल्टी' हे आत्मकथन पुढे अनेक घरांतून वाचले गेले. येथे गुन्हेगार कोण हे मुखपृष्ठावरच ठाऊक होते. तरीही पुस्तक खाली ठेववत नव्हते, कारण शोध घ्यावयाचा होता तो मनाचा. पहिल्या पानावर खुन्याचे नाव लिहिणाऱ्या वाचकाची खोडी या पुस्तकापुढे निष्प्रभ ठरली असती. असा अनुभव घेतलेला वाचक पुन्हा रहस्यमालेकडे वळला की तिच्याकडून अधिक काही मागू लागणार, हे उघड आहे.

आणि नेमकी येथेच मालेची अडचण होते. मालेतील नायक बदलून चालत नाही. पुढच्या पुस्तकात तो जसाच्या तसा भेटला पाहिजे, हा वाचकाशी झालेला अलिखित करार असतो. उलट, मनाचा तळ ढवळणाऱ्या कथेतून कुणीही जसाच्या तसा बाहेर पडता कामा नये. म्हणजे मानसशास्त्रीय रहस्यकथा आणि माला या दोहोंची ओढ परस्परविरुद्ध दिशांना आहे. एकाच पुस्तकावर दोन प्रामाणिक वाचकांची दोन टोकाची मते होतात, ती या ओढाताणीमुळे. त्यात कुणी अडाणी आणि कुणी रसिक असा भेद नाही.

हा पेच एकट्या मराठीचा नव्हे. १८९३ साली कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सचा शेवट केला तेव्हा वाचकांनी तो मान्य केला नाही आणि अखेर १९०३ मध्ये त्याला नायक परत आणावा लागला. तेथे करार जिंकला. पॅट्रिशिया हायस्मिथने १९५५ ते १९९१ या काळात टॉम रिप्लेच्या पाच कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचा नायकच खुनी आहे. तो पकडला जाऊ नये असे वाटू लागल्याने वाचकाला स्वतःचीच धास्ती वाटते. तेथे मन जिंकले. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश बक्षीने मधला मार्ग काढला. १९३२ पासून लिहिल्या गेलेल्या या मालेत नायक विवाह करतो, संसारी होतो, त्याचे वय वाढते. १९९३ मध्ये दूरदर्शनवरून तो मराठी घरांत आला, तेव्हा हेरही असा घरातला माणूस असू शकतो याचे आमच्या वडीलधाऱ्यांना नवल वाटले होते. बंगाली साहित्यात ब्योमकेशचा कर्ता अभिजात लेखक म्हणून मान पावतो. आपल्याकडे मात्र रहस्यकथाकार आणि साहित्यिक या दोन जाती मानल्या गेल्या.

शिरवळकरांच्या वाट्याला या जातिभेदाचे चटके आले. 'दुनियादारी' (१९८२) ही त्यांची कादंबरी महाविद्यालयीन तरुणांनी डोक्यावर घेतली. २०१३ साली तिच्यावर चित्रपट निघाल्यावर ती नव्याने वाचली गेली. परंतु आमच्या ओळखीच्या वाचकांत तिच्यावरूनही दोन तट होते. एका तटाला वाटे की मालांच्या घाण्यातून लेखक अखेर सुटला. दुसरा म्हणे की माणसांना बोलते करण्याची हातोटी त्याने त्या मालांतच कमावली होती. आज आम्हांला दुसऱ्या तटाचे म्हणणे अधिक पटते. मात्र ते पडताळून पाहावयाचे तर त्या मालांच्या जुन्या प्रती हव्यात.

आणि येथे आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाने जीर्ण पुस्तके बाद करण्याच्या यादीवर आमचे मत मागितले. जागा अपुरी होती, कपाटांना वाळवी लागली होती. यादीतील रहस्यकथांपुढे आम्ही न उघडताच खुणा केल्या. संदर्भमूल्य नाही, असा शेराही दिला. ती पुस्तके वजनावर गेली. जो शिक्का समीक्षकांनी मारला म्हणून आम्ही वर तक्रार केली, तोच आमच्याही हातून उमटला. पुस्तकांच्या अन्य प्रती शोधल्यास कदाचित मिळतील. पण राधानगरीच्या पावसात कुणी कुणाशी पेन्सिलीने घातलेला वाद मिळणार नाही. एका गावाने चाळीस-पन्नास वर्षे काय वाचले, कशावर खूष झाले, कशावर चिडले, याचा तो एकमेव पुरावा होता.

ही खंत अधिक बोचते याचे एक कारण स्थानिक आहे. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी भारतात पहिला कायदा केला तो कोल्हापूर संस्थानाने, १९४५ साली. मद्रासचा कायदा १९४८चा आणि महाराष्ट्राचा १९६७चा. सामान्य माणसाच्या वाचनाला कायद्याने मान देणाऱ्या मुलखातले आम्ही अध्यापक, त्या वाचनाची खूण जपू शकलो नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना आमची एकच सूचना आहे. गावच्या वाचनालयात जुनी रहस्यकथा अजून शिल्लक असेल तर ती बाद होण्याआधी उघडावी. कथा वाचावीच, पण पहिले आणि शेवटचे पान आधी पाहावे. काय लिहिले आहे ते वहीत उतरवून घ्यावे. देवाणघेवाणीच्या नोंदवह्या मिळाल्या तर उत्तमच. लघुप्रबंधाला विषय मिळत नाही, ही दरवर्षीची तक्रार त्यातून मिटेल.

खुन्याचे नाव आधी कळले तरी हरकत नाही. आता शोध वाचकाचा आहे. जाणकारांनी भर घालावी.