नांगर अडला तेथे

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, फ्लिंट टेकड्यांमध्ये चेस नावाचा परगणा आहे. तेथे मातीच्या पातळ थराखाली लगेच चुनखडक आणि गारगोटी लागते. वसाहतवाल्यांचा नांगर येथे अडला. म्हणूनच, पुरुषभर वाढणाऱ्या गवताचा जो मूळ प्रदेश आज शेकडा चारांहूनही कमी उरला आहे, त्याचा मोठा हिस्सा या टेकड्यांवर टिकला. त्याच खडकातून येथील गावे बांधली गेली.

कॉटनवुड फॉल्स हे त्यांतील मुख्य गाव. तेथील घड्याळाच्या मनोऱ्याची दगडी कचेरी १८७३ सालची; परगण्याचा कारभार अजून तेथूनच चालतो. प्रवासी तिचे छायाचित्र घेऊन परततात. आम्ही मात्र त्या सालापाशी थबकतो. ज्यांच्या नावावरून राज्याला नाव मिळाले, त्या कॉ लोकांना त्याच वर्षी शेजारच्या परगण्यातील अखेरची वस्ती सोडून दक्षिणेस इंडियन टेरिटरीत जावे लागले. इतिहासाची ही दोन पाने एकत्र वाचावीत, असे आम्हांला वाटते.

नदीपलीकडचे स्ट्राँग सिटी हे रेल्वेचे अपत्य; नावही सँटा फे रेल्वेच्या अध्यक्षांचे. दक्षिणेस बझार नावाची (आपल्या कानांना किती ओळखीचे!) वस्ती आहे. तिच्याजवळ ३१ मार्च १९३१ रोजी विमान कोसळून आठजण गेले. त्यांत १९२५ साली कॅथलिक झालेले, नोत्र दाम विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉकनी होते. कुरणात त्यांचे स्मारक आहे.

१९०० साली परगण्यात आठ हजारांवर माणसे होती. २०२० च्या जनगणनेत ती २६०० च्या आत भरली. जूनमध्ये स्ट्राँग सिटीत रोडिओ भरतो, तेवढे दिवस रस्ते गजबजतात.