तळेगावच्या उमाबाई दाभाडे आणि सेनापतींचे घराणे

उमाबाई दाभाडे या छत्रपती शाहूंचे सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी. माहेर अभोण्याच्या ठोके देशमुखांचे, सासर मावळातल्या तळेगावचे. सप्तशृंग गडाच्या पायऱ्या त्यांनी १७१० मध्ये बांधवल्या, हे तिथल्या शिलालेखावरून कळते. खंडेरावांचे वडील येसाजी शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. राजाराम महाराजांच्या जिंजीच्या प्रवासातही दाभाड्यांनी साथ दिली. १७१७ मध्ये खंडेराव सेनापती झाले आणि गुजरातची मोहीम या घराण्याकडे आली.

सप्टेंबर १७२९ मध्ये खंडेराव वारले. थोरले चिरंजीव त्रिंबकराव सेनापती झाले. पण गुजरातच्या चौथाईवरून पेशवे पहिले बाजीराव यांच्याशी त्यांचे बिनसले. त्रिंबकरावांनी निजामाशी संधान बांधले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ दोन्ही मराठी फौजा समोरासमोर आल्या आणि त्या लढाईत त्रिंबकराव पडले. दीड वर्षात उमाबाईंनी नवराही गमावला आणि मुलगाही.

शाहू महाराज स्वतः तळेगावी आले. त्यांनी बाजीरावांना उमाबाईंच्या पायांवर घातले आणि सूड घ्यायला तलवार पुढे केली, ही कथा बखरींच्या वळणाची आहे आणि सांगितलीही तीच जाते. घराण्याच्या पुढच्या वाटचालीवर खरा परिणाम मात्र त्यानंतरच्या करारनाम्याचा झाला. सेनापतीपद यशवंतराव या दुसऱ्या मुलाला मिळाले, गुजरात दाभाड्यांकडे राहिला. पण तिथला निम्मा वसूल पेशव्यांमार्फत सरकारात भरण्याची अट पडली. श्रावणात तळेगावी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची खंडेरावांची प्रथाही बाजीरावांनी पुण्यात नेली. पेशवाई संपल्यावर इंग्रजी अमलात याच दक्षिणेच्या पैशातून पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. त्या प्रसिद्ध दक्षिणेचे मूळ तळेगावात आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

लढाईत पडलेल्या माणसाच्या मुलाबाळांना मराठा राज्यात बालपरवेशी, म्हणजे संगोपनासाठी नेमणूक, मिळे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७८० मध्ये तिथल्या काँग्रेसने मृत अधिकाऱ्यांच्या विधवांना सात वर्षे निम्मा पगार देऊ केला, त्याच जातीची ही सोय. सरदारांच्या घरी प्रश्न पोटाचा नसे, सरंजामाचा असे. सरंजाम म्हणजे फौजेच्या खर्चासाठी दिलेला मुलूख, चाकरीशी बांधलेला. फौज उभी राहिली नाही तर तो जाई. यशवंतरावांना कारभार पेलत नव्हता, त्यामुळे शिक्क्यावर मुलाचे नाव राहिले आणि कारभार आई पाहू लागली. १७३२ मध्ये दाभाड्यांचे सरदार पिलाजी गायकवाड यांचा डाकोरला गुजरातचा मोगल सुभेदार, जोधपूरचा अभयसिंह याच्या माणसांकडून खून झाला, तेव्हा उमाबाई मोठी फौज घेऊन अहमदाबादवर चालून गेल्या. सोबत पिलाजींचे चिरंजीव दमाजी होते. शेवटी अभयसिंहाने चौथ आणि सरदेशमुखीखेरीज ८०,००० रुपये देण्याचे कबूल केले. पांढऱ्या लुगड्यातल्या विधवेने फौज चालवावी, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

पुढे गुजरातचा प्रत्यक्ष कारभार हळूहळू दमाजींच्या हाती गेला. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू वारले आणि दाभाड्यांचा आधार तुटला. पेशवे बाळाजी बाजीरावांनी गुजरातच्या अर्ध्या वाट्यासाठी तगादा लावला. नोव्हेंबर १७५० मध्ये उमाबाईंनी आळंदीला त्यांची भेट घेतली. जुना करार दडपणाखाली झाला आहे, तेव्हा तो बंधनकारक नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पेशव्यांनी ते मानले नाही. मग राजाराम महाराजांच्या विधवा ताराबाई यांनी पेशव्यांविरुद्ध केलेल्या बंडाला उमाबाईंनी साथ दिली आणि दमाजी फौजेसह साताऱ्याकडे आले. १७५१ च्या वसंतात ते पराभूत होऊन पेशव्यांच्या कैदेत सापडले. काही दिवसांत दाभाडे कुटुंबालाही अटक झाली. सेनापतीपद आणि सरंजाम गेले. दमाजींना लोहगडावर ठेवले. हा गडही मावळातच, दाभाड्यांच्या घरापासून काही कोसांवर आहे.

१७५२ मध्ये दमाजींनी पेशव्यांशी तह केला. अर्धा गुजरात सोडला, उमाबाई आणि ताराबाईंची साथ सोडली आणि दाभाड्यांच्या निर्वाहासाठी ठरावीक रक्कम देण्याचे मान्य केले. एकेकाळचे चाकर आता धन्याच्या पोटाची तजवीज करणार होते. उमाबाई नोव्हेंबर १७५३ मध्ये पुण्यात वारल्या. त्यांची समाधी तळेगावात आहे. पुढच्याच वर्षी कर्नाटकच्या मोहिमेत यशवंतरावही गेले. गुजरातेत गायकवाडांचे बडोदे संस्थान उभे राहिले, आणि दाभाडे तळेगावचे सरदार म्हणून मावळात राहिले.