व्हॅक्यूम इन्फ्युजन (नौकाबांधणी)

फायबरच्या नौकेचे कवच घडवण्याची एक पद्धत. साच्यात काचतंतूंचे किंवा कार्बनतंतूंचे कापड कोरडेच अंथरतात, वर प्लास्टिकचा पडदा घालून कडा चिकटपट्टीने हवाबंद करतात आणि पंपाने आतली हवा ओढून घेतात. बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १० टन भरतो. त्याने थर घट्ट बसतात आणि नळीवाटे आत शिरलेले रेझिन कापडभर पसरते.

खरी कसोटी रेझिन सोडण्यापूर्वीच लागते. पंपाची जोडणी बंद करून दाबमापकाचा काटा हलतो का, हे पाहत थांबावे लागते. सुईच्या अग्राएवढी गळतीही कवचात बुडबुडे आणि कोरडे डाग ठेवू शकते. रेझिन आळू लागल्यावर मग हात घालता येत नाही.

हाताने थर चढवलेल्या कवचापेक्षा हे कवच हलके आणि मजबूत होते. रेझिनमधील स्टायरीनची वाफ कारागिराच्या छातीत फारशी जात नाही, हा लाभ त्याहून मोठा मानायला हवा. या पद्धतीच्या ‘स्क्रिम्प’ या प्रकाराचे पेटंट अमेरिकेत विल्यम सीमन यांना १९९० मध्ये मिळाले. स्वीडनच्या सुमारे ७३ मीटर लांबीच्या व्हिस्बी वर्गातील युद्धनौकांच्या कार्बनतंतू कवचांसाठीही हेच तत्त्व वापरले गेले.