आधी कळस, मग पाया

वेरुळच्या कैलास लेण्यात पर्यटक शिल्पांपाशी रेंगाळतात. खाणमालकांनी मात्र मंदिराभोवतीचे खोल चर पाहावेत.

आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, पाथरवटांनी बेसॉल्टच्या डोंगरात हे चर खणले आणि मधला खडक वरून खाली कोरत नेला. उंच परांची बांधायची गरजच उरली नाही. कारागीर उभा राहायचा तो न फोडलेल्या, भक्कम दगडावर.

जीवघेणी दगडखाण नेमकी उलटी चालते: पायथा पोखरायचा, वरचा कडा लटकता सोडायचा. १९६१च्या धातुखाण विनियमांनी त्याला बंदी केली. कठीण खडकातही टप्पे पाडा, टप्प्याची उंची ६ मीटरच्या आत ठेवा, असं बजावलं.

धनबादच्या खाणसुरक्षा महासंचालनालयाचा निरीक्षक कधीतरी येणार. कड्याची पाहणी मुकादमानं रोज करायला हवी.