बाउरीची भांग

गोव्यातील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ च्या आपल्या ग्रंथात भांगेचे गुण सांगितले, ते नोकरांच्या तोंडून ऐकून. टॉमस बाउरी हा इंग्रज मात्र ऐकीव माहितीवर थांबला नाही. १६६९ मध्ये तो मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, सेंट जॉर्ज किल्ल्यावर आला आणि पुढे दहा वर्षे बंगालच्या उपसागराच्या काठाने हिंडला. त्या काळात त्याने आठ-दहा सोबत्यांसह बाजारातून प्रत्येकी पाइंटभर भांग आणविली, दारे-खिडक्या लावून घेतल्या (हे शहाणपण खरेच!) आणि ती घेतली. एकजण दुपारभर जमिनीवर बसून रडला. दुसऱ्याने भयाने मोठ्या रांजणात डोके घातले, ते चार तास बाहेर काढले नाही. चौघे-पाचजण गालिच्यावर पडून, स्वतःला सम्राट समजत, परस्परांची स्तुती करीत राहिले. एकजण तर ओसरीच्या लाकडी खांबाशी बोटांची सालटी निघेपर्यंत लढला! बाउरी स्वतः तीन तास घामाने निथळत होता.

पेय एकच, परिणाम निराळे. घेणाऱ्याची त्या क्षणी जी वृत्ती असेल तीच भांग बळावते, असे बाउरीने नोंदविले. आजचे मानसशास्त्रही मनःस्थितीला असेच महत्त्व देते. हॅक्लुट सोसायटीने १९०५ मध्ये छापीपर्यंत हे टिपण हस्तलिखितातच पडून होते.