तालुका ओलांडायला बंदी असलेला मोबाइल

विचित्र मोबाइल म्हटलं की आपल्याला आधी आकार आठवतात. २००४ चा नोकिया ७२८० घ्या. लिपस्टिकसारखा लांबट, आकड्यांची बटणंच नाहीत, नंबर लावायला फिरवायची चकती, आणि स्क्रीन बंद झाली की तिचाच आरसा! दिसायला भारी, पण त्यावर घाईघाईत नंबर लावून दाखवा बरं.

आजची गोष्ट मात्र आकाराची नाहीये. आपल्याकडच्या दोन सगळ्यात अतरंगी फोनांचा संबंध ट्रान्स-हार्बर लाइनवरच्या शेजारशेजारच्या स्टेशनांशी आहे: कोपरखैरणे आणि घणसोली.

डिसेंबर २००२. कोपरखैरण्याच्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून रिलायन्स इन्फोकॉमची मोबाइल सेवा सुरू झाली. पोस्टकार्डापेक्षा फोन स्वस्त पडला पाहिजे, हे धीरूभाईंचं म्हणणं. ते त्याच वर्षी जुलैमध्ये गेले होते. आठवण म्हणून सांगतो, १९९५ मध्ये मोबाइल आला तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत मोजावे लागायचे, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे कापायचे!

आता गंमत ऐका. रिलायन्सकडे पूर्ण मोबाइलचा परवाना नव्हताच. होता तो लँडलाइनचा. त्यात एक सूट होती: घरापर्यंतची शेवटची तार काढून तिथे वायरलेस वापरा. म्हणजे कायद्याच्या नजरेत हा खिशातला फोन म्हणजे घरचाच लँडलाइन, फक्त वायर नसलेला. आणि घरचा फोन गाव सोडून जातो का? नाही ना! मग यानेही आपल्या हद्दीतच राहायचं. ही हद्द साधारण तालुक्याएवढी. मोबाइल, पण तालुक्याबाहेर जायचं नाही!

रिलायन्सने पळवाट काढली. एकच फोन अनेक गावांत नोंदवायचा आणि कॉल पुढे पाठवायचा. महागडे परवाने घेतलेल्या कंपन्या अर्थातच भडकल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी नोव्हेंबर २००३ मध्ये सरकारने युनिफाइड परवाना आणला आणि ती हद्द गेली. पण त्याआधी जुलैमध्येच ‘मान्सून हंगामा’ येऊन गेला होता: ५०१ रुपये भरा, फोन घेऊन जा, बाकीचे हप्त्यांनी. मला विचाराल तर आपल्याकडे मोबाइल साहेबाच्या हातातून रिक्षावाल्याच्या खिशात गेला तो इथे.

या फोनात सिमकार्डच नव्हतं. सीडीएमए तंत्र, नंबर थेट हँडसेटमध्येच भरलेला. फोन आणि कंपनीचं लग्नच म्हणा ना. कंपनी सोडायची तर फोनही सोडा. पुढे रिलायन्सची सीडीएमए सेवा बंद झाली, तेव्हा असे कित्येक धडधाकट फोन नुसते खेळणी झाले.

आता घणसोली. इथल्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधून जिओचा कारभार चालतो. २१ जुलै २०१७ ला जिओफोन जाहीर झाला. दिसायला आजोबांचा बटणवाला फोन, आत चक्क ४जी. डिपॉझिट १,५०० रुपये. आतली कायओएस आली होती मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधून. मोझिलाची कल्पनाच वेडी होती: अख्खा फोन म्हणजे एक ब्राउझर, ॲप म्हणजे वेबपेज. मोझिलाने २०१५ च्या शेवटी तो नाद सोडला. स्वस्त हार्डवेअरवर चालेल असं काहीतरी हवंच होतं, म्हणून तोच सांगाडा इथे कामी आला. टचस्क्रीन नाही, म्हणून वेबपेजवर बटणांनी बाण सरकवत बसायचं. व्हॉट्सॲप यायला तर सप्टेंबर २०१८ उजाडला, आणि तोवर ‘इंटरनेटचा फोन घेतला पण व्हॉट्सॲप नाही’ हा विनोदच होता.

सिमकार्ड? यावेळी होतं. पण चालायचं फक्त जिओचं. म्हणजे ते जुनं लग्न पुन्हा लागलंच, फक्त स्वस्तात. जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांचा जिओभारत आला. त्यात यूपीआयसुद्धा आहे. सिम बदलून बघा, दुसरं चालत नाही.