मोरवडची शिस्त

आमच्या रनाळ्याहून उत्तरेला निघून तापी ओलांडली की सातपुड्याच्या पायथ्याशी तळोदा तालुका लागतो. त्यातल्या मोरवड गावी 1930 नंतरच्या दशकात गुलाम महाराज या भिल्ल संताने आपल्या माणसांपुढे जगण्याचे काही साधे नेम ठेवले. रोज अंघोळ करावी, दारू आणि मांस सोडावे, दर सोमवारी आरतीला एकत्र जमावे आणि एकमेकांना ‘आप’ म्हणावे. ‘आप की जय’ हा घोष त्यातूनच आला.

या नेमांत ‘आप’चे मोल मला सर्वांत मोठे वाटते. सावकार, जमीनदार आणि सरकारी शिपाई ज्याला ‘अरे-तुरे’ करत, त्याने आधी आपल्या शेजाऱ्याला मान द्यायचा होता. दुसऱ्याकडून मान मागण्यापूर्वी तो आपसांत देण्याची सवय लावणे, हे नेतृत्वाचे फार खोल तत्त्व आहे.

दारूबंदीकडे केवळ नीतीचा उपदेश म्हणून पाहता येत नाही. 1878च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर घरची मोहाची दारू गुन्हा ठरत गेली आणि गुत्त्यावरची विकत घ्यावी लागू लागली. सणावाराची दारू रोख पैशाची झाली आणि पैसा नसला की कर्जाची. प्याला खाली ठेवणे म्हणजे सावकाराच्या वहीतली एक ओळ कमी करणे होते. 1922च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्याकडून दक्षिण गुजरात आणि खानदेशापर्यंत पसरलेल्या ‘देवी’च्या लाटेतही हेच नेम होते. त्यामुळे मोरवडची हाक लोकांना अगदी अनोळखी नव्हती.

काही अभ्यासक याला वरच्या जातींचे अनुकरण म्हणतात. त्यात तथ्य आहे. मोहाची दारू देवालाही चढते. ती सोडताना जुन्या रूढींतले काही हातचे गेलेच. पण नुसते अनुकरण असते, तर त्याने कुणाची झोप उडाली नसती. एकाच वेळी स्वच्छ, शुद्धीवर आणि एकत्र आलेला मजूर ही जमीनदाराच्या दृष्टीने नवीच गोष्ट होती.

1938 मध्ये गुलाम महाराज गेले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे चालवले. नेत्यामागे चळवळ टिकते ती कशामुळे? माझे उत्तर असे, की मोरवडचे नेम पाळायला ना इमारत लागत होती ना वर्गणी. ते प्रत्येकाच्या अंगणात रोज पाळता येत होते.

पुढे 1970 नंतर शहादे तालुक्यात अंबरसिंग सुरतवंतींच्या मागे आदिवासी जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उभे राहिले, आणि बायकांनी गावोगावी दारूची मडकी फोडली. त्या लढ्याची कारणे वेगळी होती, मागण्याही वेगळ्या. तरी ज्या मुलखात ही माणसे उठली, तिथे ताठ उभे राहण्याचा सराव एक पिढी आधीच सुरू झाला होता.

आज ‘यशस्वी नेतृत्वाच्या सवयी’ शिकवणारी पुस्तके स्टेशनावरही मिळतात. त्यांतला वाचक एकट्यानेच पुढे जायला निघालेला असतो. मोरवडच्या नेमांत एकट्याने पुढे जाण्याची सोयच नव्हती. ‘आप’ म्हणायला समोर दुसरा माणूस लागतोच.